त्याच नावाचे दुसरे गाव

रशियात ३१ डिसेंबरच्या रात्री घरोघर एक जुना चित्रपट पाहतात. एल्दार रियाझानोव्ह या दिग्दर्शकाचा हा चित्रपट १ जानेवारी १९७६ रोजी प्रथम दूरचित्रवाणीवर दाखवला गेला. त्याच्या नावाचा अर्थ ‘नियतीची थट्टा’ असा काहीसा. मॉस्कोचा एक साधाभोळा डॉक्टर मित्रांबरोबर प्रमाणाबाहेर पितो, आणि मित्र त्याला चुकून लेनिनग्राडच्या विमानात बसवून देतात. उतरल्यावर तो टॅक्सीवाल्याला आपला मॉस्कोचा पत्ता सांगतो : बांधकाम कामगारांचा तिसरा रस्ता, इमारत २५, घर १२. लेनिनग्राडातही त्याच नावाचा रस्ता असतो, तशीच इमारत असते आणि खिशातली किल्ली कुलपाला लागते. मग घराची खरी मालकीण येते आणि पुढे जे व्हायचे ते होते.

आपण हसतो. रशियन माणूसही हसतो, पण त्याच्या हसण्यात थोडी ओळखीची चरचर असते. कारण त्याच्या देशात रस्तेच नव्हे, आख्खी शहरे एकाच नावाची आहेत. इव्हानोव्का, अलेक्सांद्रोव्का, मिखाइलोव्का ही खेडी तर आपल्या पिंपळगाव-वडगावांसारखी जिल्ह्याजिल्ह्यांत सापडतात.

या विषयात माझे मन गुंतले त्याला कारण आहे. बँकेत नोकरीला लागून मला चारच वर्षे झाली होती. एका गृहस्थांनी मुलीच्या इस्पितळाच्या खर्चासाठी कर्जतला पैसे पाठवायला दिले. मी ते तारेने रवाना केले. ते गेले नगर जिल्ह्यातल्या कर्जतला. मुलगी होती रेल्वेच्या, कुलाबा जिल्ह्यातल्या कर्जतला. चूक सर्वस्वी माझी. पैसे फिरून योग्य जागी पोहोचायला अकरा दिवस लागले आणि त्या अकरा दिवसांत ते गृहस्थ रोज येऊन काउंटरपाशी नुसते उभे राहत. एक शब्द बोलत नसत. त्यानंतर निवृत्तीपर्यंत गावाचे नाव कानावर पडले की माझा पहिला प्रश्न ठरलेला असे : “कुठले?”

रशियाच्या नकाशासमोर बसून हाच प्रश्न विचारत गेले तर फार विलक्षण उत्तरे मिळतात.

रोस्तोव्हपासून सुरुवात करू. बातम्यांत येते ते दक्षिणेतले, डॉन नदीवरचे, दहा लाखांहून अधिक वस्तीचे महानगर. पण मूळ रोस्तोव्ह ते नव्हेच. मूळ गाव मॉस्कोच्या उत्तरेला, एका तळ्याकाठी आहे. जुन्या बखरीत त्याचा उल्लेख इसवी सन ८६२ या वर्षाखाली येतो. त्याला मानाने ‘थोर रोस्तोव्ह’ म्हणत आणि आजही म्हणतात. वस्ती आता तीस हजारांच्या आसपास. मग दक्षिणेतल्या शहराला हे नाव लागले कसे? तिथे १७६१ साली एक किल्ला बांधला आणि त्याला संत दिमित्री यांचे नाव दिले. हे दिमित्री थोर रोस्तोव्हचे धर्माधिकारी, म्हणून ‘रोस्तोव्हचे दिमित्री’. पुढे लोकांच्या तोंडी संत गळून पडला आणि गावाचे नाव तेवढे उरले. आज गंमत अशी की, थोरल्या गावाच्या रेल्वे स्थानकाला ‘रोस्तोव्ह-यारोस्लाव्हस्की’ म्हणावे लागते, नाहीतर प्रवासी हजारभर किलोमीटर भलतीकडे जायचा. धाकट्याने नाव नेले आणि शेपूट थोरल्याला लावून घ्यावे लागले. घराण्यांतही असे होते म्हणा.

हे शेपूट नीट पाहावे. नाव ठेवणारा माणूस कुठे उभा होता, ते शेपूट सांगते.

पेरेस्लाव्ल-झालेस्की हे मॉस्कोच्या ईशान्येचे गाव. राजा युरी दोल्गोरुकी याने ते ११५२ साली वसवले. ‘झालेस्की’ म्हणजे रानापलीकडचे. आपल्याकडे देशावरचा माणूस कोकणाला ‘घाटाखाली’ म्हणतो, तसे. पण कुणाच्या दृष्टीने पलीकडचे? मॉस्कोच्या दृष्टीने नव्हे. कीव्हच्या. ते महारान ओलांडून जो दक्षिणेकडून आला, त्याच्यासाठी ते पलीकडचे. आणि दक्षिणेत, कीव्हच्या जवळ, पेरेयास्लाव नावाचे अधिक जुने गाव आहेच. तिसरे पेरेयास्लाव्ल म्हणजे आजचे रियाझान शहर. १७७८ पर्यंत त्याचे नाव पेरेयास्लाव्ल-रियाझान्स्की होते.

नाव राजा देतो, असे म्हणून हा विषय संपवता आला असता. पण या तिन्ही गावांना नदी आहे आणि तिन्ही ठिकाणी तिचे नाव त्रुबेझ आहे! कीव्हमध्ये लिबेद नावाचा ओढा आहे. रियाझानात लिबेद आहे, व्लादिमीर शहरात लिबेद आहे. कीव्हजवळ इर्पिन नदी वाहते. व्लादिमीरजवळ त्याच नावाचा प्रवाह असल्याचे वासिली क्ल्युचेव्हस्की या थोर रशियन इतिहासकाराने नोंदवून ठेवले आहे. दक्षिणेकडून माणसे उत्तरेच्या रानात सरकली याचा पुरावा त्याने या नावांत पाहिला. नंतरच्या काही अभ्यासकांना यात राजांचाच हात अधिक दिसतो. माझे मत विचाराल तर, किल्ल्याला नाव राजा देईल, पण ओढ्याला जुन्या गावच्या ओढ्याचे नाव देते ती पाणी भरायला जाणारी बाई. परक्या मुलखात पहिली घागर बुडवताना तिच्या तोंडून जे नाव निघाले असेल, तेच टिकले.

आता हीच नावे भांडणाच्या चव्हाट्यावर आली आहेत. जुलै २०२१ मध्ये पुतिन यांनी रशियन आणि युक्रेनियन हे मुळात एकच, असे सांगणारा लांबलचक लेख लिहिला. पेरेयास्लाव या गावाला त्या मांडणीत फार महत्त्व, कारण १६५४ मध्ये कझाकांचा सेनानी बोह्दान ख्मेल्नित्स्की याने तिथेच झारशी निष्ठेची शपथ घेतली. सोव्हिएत सरकारने १९४३ साली गावाच्या नावाला त्याचे नाव जोडले. युक्रेनने २०१९ साली ते काढून टाकले. वोलोदिमिर या पश्चिमेकडच्या जुन्या गावाला ‘वोलिन्स्की’ हे शेपूट लागले होते. डिसेंबर २०२१ मध्ये त्याने ते टाकले. आम्ही मूळचे, आम्हाला ओळखायला शेपूट कशाला, असाच त्याचा अर्थ. त्यानंतर दोन महिन्यांत युद्ध सुरू झाले. कीव्हवर चालून आलेले रशियन रणगाडे रोखण्यासाठी युक्रेनने बांधाचे पाणी सोडून जी नदी फुगवली, तिचे नाव इर्पिन. क्ल्युचेव्हस्कीने दोन्ही देशांत नोंदवलेले नाव. दोन गावांचे नाव एक, याचा अर्थ दोन्ही गावे एकाच मालकाची, असा काढायचा ठरवला तर जगात कुणाचेच घर सुरक्षित राहणार नाही. मुलीने सासरच्या तुळशीला माहेरचे नाव ठेवले म्हणून माहेरच्यांनी सातबारा मागायला यावे, तसे ते झाले.

माणसांनी पायी वाहून नेलेली नावे ही अशी. विसाव्या शतकात दुसरा प्रकार आला : हुकमाने वाटलेली नावे. १ डिसेंबर १९३४ रोजी लेनिनग्राडात सेर्गेई किरोव्ह या पक्षनेत्याचा खून झाला. व्यात्का या कित्येक शतके जुन्या शहराचे नाव त्याच महिन्यात किरोव्ह झाले. दीड-दोन वर्षांत कालुगा प्रांतातले आणखी एक गाव किरोव्ह झाले. मुर्मान्स्क प्रांतात किरोव्हस्क, लेनिनग्राडजवळ दुसरे किरोव्हस्क. सोव्हेत्स्क नावाची गावे तीन. त्यातले एक म्हणजे नेपोलियनने १८०७ मध्ये जिथे तह केला ते जर्मनांचे तिल्सित. इथे शेपूटही नाही. नाव ठेवणाऱ्याने त्या गावाकडे पाहिलेलेच नसते, तेव्हा कुठून पाहिले हे तरी कसे कळावे?

हुकमाचे प्रत्येक नाव रुजत नाही असे मात्र नाही. उरल पर्वताच्या पायथ्याला, चेल्याबिन्स्क प्रांतात, पॅरिस नावाचे खेडे आहे. बर्लिन आहे, लाइपझिग आहे, वार्ना आहे. तिथल्या कझाकांच्या वस्त्यांना आधी नुसते क्रमांक होते. १८४० च्या दशकात सरकारने त्यांना रशियन सैन्याने लढलेल्या लढायांची नावे दिली. नागाइबाक या छोट्या समाजाचे लोक तिथे राहतात आणि आपल्या पॅरिसवर त्यांचे प्रेम आहे. मोबाइलचा मनोरा उभारायची वेळ आली तेव्हा तो आयफेल टॉवरच्या घाटाचा उभारला गेला. गाईगुरे त्याच्या आसपास चरतात.

पण त्याच चेल्याबिन्स्क प्रांतात नावांचा तिसरा, सर्वांत अघोरी प्रकारही आहे. अणुबाँब बनवणारी गुप्त शहरे नकाशावर नसत. त्यांना जवळच्या मोठ्या शहराचे नाव आणि टपालाचा एक आकडा मिळे : चेल्याबिन्स्क-४०, क्रास्नोयार्स्क-२६, तोम्स्क-७. क्रास्नोयार्स्क-२६ ला कागदोपत्री १९५४ पासून झेलेझ्नोगोर्स्क असे नाव होते, पण ते उच्चारायची बंदी. चार वर्षांनी कुर्स्क प्रांतात लोखंडाच्या खाणीशेजारच्या नव्या वस्तीला लोकांसमोर तेच नाव मिळाले. एक खनिजाचे, एक प्लुटोनियमचे; दोन्ही अस्तित्वात, पण नकाशात एकच. पुढे १९९४ साली गुप्त शहरे उघड झाली तेव्हा देशाला कळले की आपल्याकडे झेलेझ्नोगोर्स्क दोन आहेत.

नाव लपवण्याची किंमत कोण मोजतो ते चेल्याबिन्स्क-४० ने दाखवले. २९ सप्टेंबर १९५७ रोजी तिथल्या मायाक कारखान्यात किरणोत्सारी कचऱ्याच्या टाकीचा स्फोट झाला. विषारी ढग ईशान्येकडे सुमारे तीनशे किलोमीटर पसरला. वीसेक खेडी उठवली गेली, दहा हजारांहून अधिक माणसे हलवली गेली. का, ते त्यांना सांगितले नाही. परदेशात गेलेले शास्त्रज्ञ झोरेस मेद्वेदेव यांनी १९७६ मध्ये याची वाच्यता केली तेव्हा पश्चिमेतल्या जाणत्यांचाही त्यावर विश्वास बसेना. सोव्हिएत सरकारने कबुली दिली १९८९ मध्ये. आणि जगात ती दुर्घटना ओळखली जाते किश्तिम या नावाने. का, तर खऱ्या शहराला नावच नव्हते आणि जवळचे नकाशावरचे गाव किश्तिम होते. वारा त्या दिवशी दुसरीकडे वाहत होता म्हणून किश्तिम बरेचसे वाचले. कलंक मात्र कायमचा त्याच्या नावावर जमा झाला. खाते एकाचे, नोंद दुसऱ्याच्या नावावर. आमच्या अकरा दिवसांत ती दुरुस्त तरी झाली होती.

गेली दोन-तीन वर्षे बातम्यांत सतत येणारे एक नाव घेऊन थांबतो. पूर्व युक्रेनमधले पोक्रोव्स्क. ‘पोक्रोव्ह’ म्हणजे मेरीमातेने भक्तांवर धरलेला पदर. त्याचा सण ऑक्टोबरात येतो. हे शहर पूर्वी ग्रिशिनो होते. १९३४ मध्ये पोस्तिशेव्ह या पक्षनेत्याच्या नावाने पोस्तिशेवो झाले. १९३८ मध्ये त्या नेत्याला अटक झाली, तेव्हा घाईघाईने त्याला लाल सैन्याचे नाव दिले. त्यातूनच पुढे क्रास्नोआर्मेयस्क झाले. २०१६ मध्ये युक्रेनने पोक्रोव्स्क केले. रशियाच्या संरक्षण खात्याच्या पत्रकांत मात्र नंतरही ते क्रास्नोआर्मेयस्कच राहिले.

रशियात क्रास्नोआर्मेयस्क अजून आहेत. त्यातले एक व्होल्गाकाठच्या सारातोव्ह प्रांतात. ते मुळात जर्मन वसाहतकऱ्यांचे बाल्झर. १९४१ मध्ये तिथल्या जर्मनांना सरसकट हद्दपार केले आणि पुढच्या वर्षी नाव बदलले. त्याच प्रांतात एंगेल्स नावाचे शहर आहे. तिथल्या विमानतळावरची अवजड बाँबफेकी विमाने युक्रेनवर क्षेपणास्त्रे डागत आली आहेत, आणि ५ डिसेंबर २०२२ रोजी त्या तळावर युक्रेनचे ड्रोन येऊन आदळले. हे एंगेल्स नाव १९३१ चे. त्याआधी त्या गावाला पोक्रोव्स्क म्हणत. त्याच मातेचा पदर.

युक्रेनमधल्या पोक्रोव्स्कची वस्ती युद्धापूर्वी साठ हजारांच्या आसपास होती. बहुतेकांना घर सोडून जावे लागले. त्यांच्यातल्या एखाद्या कुटुंबात १९३७ साली जन्मलेल्या आजीच्या दाखल्यावर जन्मस्थान पोस्तिशेवो असेल, १९६५ साली जन्मलेल्या तिच्या मुलाच्या दाखल्यावर क्रास्नोआर्मेयस्क आणि २०१७ साली जन्मलेल्या नातवाच्या दाखल्यावर पोक्रोव्स्क. तिघेही एकाच गल्लीत जन्मलेले असू शकतात.