इत्सुकुशिमाचे लाल तोरण आणि बाहेर काढलेला बुद्ध

मे २०२३ मध्ये हिरोशिमाला जी-७ देशांची शिखर परिषद झाली, तेव्हा राष्ट्रप्रमुखांचा एक फोटो जगभर गेला. मागे समुद्र आणि त्यात उभे प्रचंड लाल तोरण. ते मियाजिमा बेटावरचे इत्सुकुशिमा हे शिंतो देवस्थान, १९९६ पासून जागतिक वारसा. आमच्या अभ्यासवर्गात एका मुलाने तो फोटो मोबाइलवर दाखवून विचारले, "जपान बौद्ध देश ना? मग हे काय?"

उत्तर द्यायला मला दोन रविवार लागले.

परंपरा या देवस्थानाची स्थापना इ.स. ५९३ ची सांगते. समुद्रावर तरंगल्यासारखे दिसणारे आजचे रूप दिले ताइरा नो कियोमोरी या सरदाराने, ११६८ च्या सुमारास. त्याआधी चार वर्षे त्याने आणि त्याच्या कुळाने इथल्या देवीला सोन्याचांदीने सजवलेल्या ३३ गुंडाळ्या अर्पण केल्या. त्यांवर मुख्यतः सद्धर्मपुंडरीक सूत्र लिहिलेले आहे. शिंतो देवीपुढे बौद्ध सूत्र का? कारण त्या काळच्या श्रद्धेनुसार या देवीचे मूळ रूप म्हणजे अकरा मुखांचा अवलोकितेश्वर. तो ३३ रूपे घेतो, म्हणून गुंडाळ्याही ३३. (असा अवलोकितेश्वर बघायला जपानला जायची गरज नाही. बोरिवलीला उतरा, कान्हेरीचे ४१ क्रमांकाचे लेणे बघा.) पुढे शतकानुशतके देवस्थानाच्या पूजाविधीवर दाइशो-इन या बौद्ध विहाराची देखरेख होती.

मग १८६८ उजाडले. नव्या मेजी सरकारला सम्राट हा देवीचा वंशज ठरवून राष्ट्र उभारायचे होते. त्यासाठी 'शुद्ध' शिंतो हवा होता. हुकूम निघाला की देवस्थानांतून बुद्धमूर्ती आणि पूजेची बौद्ध साधने हलवा, तिथल्या भिक्खूंनी चीवर उतरवावे. इत्सुकुशिमातल्या मूर्ती शेजारच्या दाइगान-जी विहारात गेल्या. १४०७ चा पाच मजली पॅगोडा वाचला, आतला बुद्ध गेला. युद्धात मेलेल्यांसाठी सूत्रपठण व्हावे म्हणून हिदेयोशीने १५८७ मध्ये बांधायला घेतलेले भव्य सभागृह होते, तिथे आता खुद्द हिदेयोशीच देव आहे. आणि फोटोतले तोरण? त्या जागी तोरणे आधीही होती, पण आजचे उभे राहिले १८७५ मध्ये, म्हणजे या वाटणीनंतर.

इत्सुकुशिमा तरी नशीबवान. कामाकुराच्या हाचिमान देवस्थानातला मोठा पॅगोडा १८७० मध्ये पाडला गेला. दक्षिणेतल्या सत्सुमा प्रांतात एकही विहार चालू ठेवला नाही.

इथपर्यंत ऐकून वर्गातली पोरे तापली. पण समाजशास्त्र शिकलेल्या माणसाला पुढचा प्रश्न टाळता येत नाही: सामान्य लोक या मोडतोडीत सामील का झाले? तोकुगावा राजवटीत प्रत्येक कुटुंबाची विहारात नोंद सक्तीची होती. विहार म्हणजे जवळपास सरकारी कचेरीच. लोकांना त्याचा जाच होत होता. त्याहून वाईट म्हणजे बुराकू, म्हणजे तिथल्या बहिष्कृत समाजातल्या मृतांना काही विहारांतून हिणवणारी चिन्हे असलेली धम्मनावे दिली जात. थडग्यावरही जात! १९७९ मध्ये सोतो झेन पंथाच्या प्रमुख प्रतिनिधीने अमेरिकेतल्या एका आंतरराष्ट्रीय परिषदेत जपानमध्ये असा भेदभाव नाहीच असे सांगितले. बुराकू संघटनांनी जाब विचारला, तेव्हा ते विधान मागे घ्यावे लागले. हा भाग आपण आपल्या लोकांना सांगत नाही, कारण तो गैरसोयीचा आहे. बाबासाहेबांच्या अनुयायांनी तो आधी सांगायला हवा.

आता बोधगया. फेब्रुवारी १८९५ मध्ये अनागारिक धर्मपालांनी जपानी बौद्धांनी दिलेली बुद्धमूर्ती महाबोधी विहारात ठेवली. महंताच्या माणसांनी ती उचलून बाहेर काढली. जपानच्या देवस्थानांतून बुद्ध बाहेर पडल्याला तेव्हा तीस वर्षेही झाली नव्हती. पुढे १९९२ पासून विहारमुक्तीचा लढा पेटवला तो जपानमध्ये जन्मलेल्या आणि नागपूरला आपले केलेल्या भदंत सुरई ससाईंनी. फेब्रुवारी २०२५ पासून बोधगयेत पुन्हा आंदोलन उभे राहिले, ते याच मागणीसाठी.

फरक मला एवढाच महत्त्वाचा वाटतो. १९४७ च्या संविधानाने जपानी सरकारचा हात देवस्थानांतून काढून घेतला. आज इत्सुकुशिमा आणि दाइशो-इन आपापला कारभार स्वतः बघतात. बोधगयेत १९४९ च्या कायद्याने चार बौद्ध, चार हिंदू आणि वर अध्यक्ष म्हणून जिल्हाधिकारी. २००२ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला तरी त्यात बदल झाला नाही. जागतिक वारसा इमारत जपतो. विहार कोणाच्या हाती, हे तो ठरवत नाही.

पुढच्या वर्गात १९४९ चा कायदा कलमवार वाचायचा आहे. फोटो दाखवणाऱ्या त्या मुलाकडेच समितीच्या रचनेचे कलम मांडायचे काम दिले आहे.