गॅस संपत नसतो

मार्च संपत आला की घराघरांतून एकच वाक्य ऐकू येते : ‘एसी नीट थंड करत नाही, गॅस भरून घ्यायला हवा.’ मेकॅनिक येतो, आउटडोअर युनिटला गेजची नळी जोडतो, काटा पाहतो, ‘गॅस कमी झालाय’ म्हणतो आणि बरोबर आणलेल्या टाकीतून पाच-दहा मिनिटांत गॅस भरून जातो. हवा पुन्हा गार येऊ लागते. पुढच्या वर्षी त्याच सुमारास हेच सगळे पुन्हा घडते आणि हा खर्च दरसालचाच, असे घरचे धरून चालतात. या समजुतीमागे कोणाची लबाडी असतेच असे नाही. बरेचदा एका शब्दाने हा घोळ केलेला असतो. स्वयंपाकघरातला गॅस जळतो, म्हणून संपतो. एसीतला गॅस जळत नाही, झिजत नाही, वापरून जुनाही होत नाही. तो कमी झाला असेल, तर कुठून तरी बाहेर गेला आहे आणि ती वाट अजून उघडीच आहे.

हे पटण्यासाठी नळ्यांच्या आत काय चालते, ते पाहावे लागेल. सुरुवात माठापासून करू. माठातले पाणी पाझरून बाहेर येते, त्याची वाफ होते आणि वाफ होताना ते आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. द्रवाची वाफ व्हायला किती उष्णता लागते, याची कल्पना चुलीवरच्या पातेल्यावरून येते. एक लिटर पाणी ३० अंशांवरून १०० अंशांपर्यंत तापवायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या साडेसातपटीहून जास्त उष्णता त्या उकळत्या पाण्याची पूर्ण वाफ करायला लागते. आणि या सगळ्या वेळात तापमापकाचा पारा १०० वरून हलत नाही. घेतलेली उष्णता रूप बदलण्यात खर्ची पडते. वाफेचे पुन्हा पाणी झाले की तीच उष्णता जशीच्या तशी परत मिळते. इडलीच्या भांड्याचे झाकण उघडताना हाताला बसणारा चटका तिचाच.

दुसरी गोष्टही स्वयंपाकघरातलीच. पाणी १०० अंशांना उकळते, हे समुद्रसपाटीवर खरे. महाबळेश्वरला हवेचा दाब कमी, तिथे ते ९५ अंशांच्या आसपासच उकळते. प्रेशर कुकरमध्ये दाब वाढतो, तिथे १२० अंशांपर्यंत तापल्याशिवाय उकळत नाही. म्हणजे कोणता द्रव किती अंशांवर उकळेल, हे दाबावर ठरते. आणि दाब आपल्या हातात असेल, तर त्याला कुठे उकळायला लावायचे आणि वाफेचा द्रव कुठे करायचा, हेही आपल्या हातात येते. लंडनमध्ये जेकब पर्किन्स यांनी १८३४ मध्ये याच तत्त्वावरच्या यंत्राचे पेटंट घेतले. आपल्या घरातला फ्रिज आणि एसी आजही त्याच वाटेने चालतात.

आजच्या बहुतेक नव्या एसींमध्ये आर-३२ नावाचे द्रव्य असते. मोकळ्या हवेत ते उणे ५२ अंशांवरच उकळते. इनडोअर युनिटच्या जाळीमागे तांब्याच्या नळीची कूलिंग कॉइल असते; तिच्यात हवेच्या दाबाच्या सुमारे दहापट दाब राखलेला असतो. त्या दाबाखाली आर-३२ साधारण ७ अंशांवर उकळते. खोलीतली हवा २८-३० अंशांची. आपल्याला जो उकाडा वाटतो, तीच या द्रवाची चूल. पंखा ती हवा कॉइलवरून ओढतो, आतला द्रव खदखदतो, त्याची वाफ होते आणि हवेतली उष्णता त्या वाफेबरोबर जाड नळीतून घराबाहेर पडते. एसी थंडी ‘तयार’ करत नाही, तो उष्णता उचलून नेतो.

बाहेर मात्र अडचण उभी राहते. उष्णता जास्त तापलेल्या वस्तूकडून कमी तापलेल्या वस्तूकडेच जाते. बाहेर ४० अंशांचे ऊन आणि आलेली वाफ दहा-बारा अंशांची. ती आपली उष्णता त्या हवेला देणार कशी? त्यासाठी कॉम्प्रेसर असतो. तो वाफ दाबतो, दाब हवेच्या सुमारे तीसपट होतो आणि वाफेचे तापमान ७०-८० अंशांवर जाते. आता बाहेरची ४० अंशांची हवा तिच्यापेक्षा थंड ठरते. कंडेन्सरच्या नळ्यांतून फिरताना ही वाफ आधी निवते, मग ५० अंशांच्या आसपास तिचा पुन्हा द्रव होतो आणि खोलीतून उचललेली सगळी उष्णता, वर कॉम्प्रेसरने खर्चलेल्या विजेची उष्णताही, बाहेर सोडली जाते. आउटडोअर युनिटसमोर उभे राहिल्यावर अंगावर येणारा झोत म्हणजे आपल्याच खोलीतला उकाडा. फ्रिजच्या बाजूच्या पत्र्यावर तळहात ठेवून पाहा, तो कोमट लागतो. बऱ्याच फ्रिजमध्ये कंडेन्सरची नळी त्या पत्र्याआड फिरवलेली असते.

राहिले शेवटचे वळण, आणि या सगळ्या फेऱ्यात मनाला सर्वांत जास्त भिडणारे. कंडेन्सरमधून आलेला ४५-५० अंशांचा द्रव एका अरुंद वाटेतून सोडतात. फ्रिजमध्ये आणि साध्या एसीत ही वाट म्हणजे कॅपिलरी, वेटोळे केलेली तांब्याची बारीक नळी. इन्व्हर्टर एसीत बहुधा तिच्या जागी एक्स्पान्शन व्हॉल्व्ह असतो. त्या चिंचोळ्या वाटेपलीकडे दाब एकदम उतरतो. दाब उतरला, की ५० अंशांचा द्रव ‘द्रव’ म्हणून राहूच शकत नाही. त्यातला सुमारे पाव भाग क्षणात वाफ होतो. त्यासाठीची उष्णता तो बाहेरून घेत नाही, सोबतच्या उरलेल्या द्रवातूनच घेतो. म्हणून उरलेला द्रव जागच्या जागी ७ अंशांवर येतो आणि कूलिंग कॉइलमध्ये शिरायला पुन्हा तयार होतो. फेरा पूर्ण झाला. या फेऱ्यात एक ग्रॅमही खर्ची पडत नाही. घरगुती फ्रिजमध्ये अवघे ५०-६० ग्रॅम आयसोब्युटेन असते आणि तेवढ्यावर तो पंधरा-वीस वर्षे गॅस न भरता चालतो. मग एसीलाच दरसाल गॅस का लागावा?

फरक जोडांमध्ये आहे. फ्रिजच्या नळ्या कारखान्यातच डागून बंद झालेल्या असतात. स्प्लिट एसीचे जोड मात्र आपल्या घरी, खिडकीबाहेर वाकून, पान्याने आवळले जातात. तांब्याच्या नळीचे तोंड फुलवून त्यावर पितळी नट बसवतात, त्याला फ्लेअर जोड म्हणतात. फुलवलेल्या तोंडावर बारीक चीर राहिली, नट कमी किंवा जरुरीपेक्षा जास्त आवळला, की तिथून गॅस झिरपू लागतो. समुद्राकाठच्या गावांत खारी हवा कॉइललाही खाते.

आमच्याच कार्यालयातल्या एका एसीला सलग दोन उन्हाळे गॅस भरला गेला. तिसऱ्या वर्षी आलेल्या मेकॅनिकने गेज लावण्याआधी जाड नळीवरचा फोम मागे सारला आणि नटाच्या कडेवरून बोट फिरवले. बोटाला काळसर, तेलकट डाग लागला. कॉम्प्रेसरचे वंगण गॅसबरोबरच फिरत असते. गॅस बाहेर पडतो तिथे थोडे तेलही येते आणि त्यावर धूळ बसते. त्याने साबणाचा फेस लावला. नटाच्या खालच्या अंगाला एक बुडबुडा हळूहळू फुगला, फुटला आणि तिथेच दुसरा आला. दोन वर्षांचे पैसे त्या बुडबुड्यांतून गेले होते. त्याने उरलेला गॅस काढून घेतला, जोड कापून नवा केला, नायट्रोजन भरून दाब टिकतो का ते पाहिले, पंपाने नळ्यांतली हवा आणि ओल काढली आणि युनिटच्या पट्टीवर छापले आहे तेवढाच गॅस वजनकाट्यावर मोजून भरला. दीड दिवसाचे काम. त्यानंतर त्या एसीला गॅस लागलेला नाही.

पट्टीवरचा तो आकडा महत्त्वाचा आहे. गॅस कमी पडला की कॉइलमधला दाब उतरतो. दाब उतरला की उकळण्याचे तापमानही उतरते, शून्याखाली जाते आणि कॉइलच्या तोंडाशी बर्फ धरतो. एसीवर बर्फ दिसतो आणि खोली मात्र गार होत नाही, या कोड्याचे हे एक उत्तर. पण फिल्टर धुळीने बंद झाला, तरी बर्फ धरतोच, कारण उकळणाऱ्या द्रवाला हवेची ऊब पोहोचत नाही. अशा वेळी फिल्टर न धुता गॅस भरला, तर तो जास्तीचा होतो आणि वाफेबरोबर द्रवही कॉम्प्रेसरपर्यंत पोहोचू शकतो. वाफ दाबता येते, द्रव दबत नाही. मोडतो तो कॉम्प्रेसर. उलट गॅस कमी असतानाच यंत्र चालवत राहिले, तर कॉम्प्रेसरची मोटर तापते, कारण तिला निववणेही याच वाफेकडे असते.

बाहेर गेलेल्या गॅसचे पुढे काय होते, हा प्रश्न आपल्या बिलापेक्षा मोठा आहे. क्लोरीन असलेली सीएफसी द्रव्ये ओझोनचा थर खातात, हे मोलिना आणि रोलंड यांनी १९७४ मध्ये मांडले, १९८७ मध्ये मॉन्ट्रियल करार झाला आणि जगाने ती द्रव्ये मागे घेतली. त्यांच्या जागी आलेली एचएफसी ओझोनला धक्का लावत नाहीत, पण उष्णता मात्र प्रचंड धरून ठेवतात. शंभर वर्षांच्या हिशेबात एसीत वापरल्या जाणाऱ्या आर-४१०ए या एचएफसीचा एक किलो म्हणजे सुमारे २,०८८ किलो कार्बन डायऑक्साइड. आर-३२ चा आकडा ६७५ आहे, म्हणजे बराच कमी. तरीही एका एसीतले पाऊण किलो आर-३२ हवेत गेले, तर दोनशे लिटरांहून अधिक पेट्रोल जाळल्याएवढा परिणाम होतो. २०१६ मध्ये रवांडातल्या किगाली शहरात या द्रव्यांच्या कपातीवर एकमत झाले. भारताने २०२१ मध्ये त्याला मान्यता दिली; त्यानुसार आपला वापर २०२८ मध्ये गोठवायचा आहे आणि २०३२ पासून टप्प्याटप्प्याने खाली आणायचा आहे.

हे करार उत्पादन आणि आयातीवर नियंत्रण आणतात, आणि ते आवश्यकच आहे. पण चौथ्या मजल्याच्या छज्ज्यावरचा फ्लेअर नट कोणत्याही कराराच्या कक्षेत येत नाही. तिथे मेकॅनिकच्या हातातले कसब कामाला येते. २०१९ च्या इंडिया कूलिंग अॅक्शन प्लॅनमध्ये एक लाख तंत्रज्ञांच्या प्रशिक्षणाचे उद्दिष्ट होते. ही दिशा योग्यच होती. पण मेकॅनिकला फेरीमागे पैसे मिळत असतील आणि एप्रिलमध्ये दिवसाला आठ-दहा फेऱ्या मारायच्या असतील, तर शिकलेला माणूसही लीक शोधायला थांबणार नाही. आपणच त्याला थांबू देत नाही. लीक शोधण्याची मजुरी वेगळी द्यायला, त्यासाठी एसी दिवसभर बंद ठेवायला आणि आउटडोअर युनिटपर्यंत पोहोचायची सुरक्षित जागा इमारतीत ठेवायला आपण तयार असायला हवे. सर्व्हिस कंपन्यांनी बिलावर दोन गोष्टी लिहिण्याची सक्ती व्हावी : किती ग्रॅम गॅस भरला आणि आधीचा कुठून गेला. दुसऱ्या रकान्यात उत्तर नसेल, तर काम अपुरे धरावे.

जुन्या यंत्रांचे हाल तर याहून वाईट. भंगारात गेलेल्या एसीची नळी तांब्यासाठी करवतीने कापली जाते आणि आत उरलेला सगळा गॅस फुस्स करून निघून जातो. २०२२ चे ई-कचरा नियम फ्रिज-एसीला लागू आहेत. पण गॅस काढून घेणारे यंत्र आणि टाकी तालुक्याच्या गावात, भंगार जमते तिथे उपलब्ध झाली, तरच त्या नियमाचा उपयोग.

एक काम मात्र कोणत्याही यंत्राची वाट न पाहता आजच होऊ शकते. घर बदलताना एसी काढायचा असतो, तेव्हा अनेक ठिकाणी नट सैल करून गॅस सोडून दिला जातो आणि नव्या घरी पुन्हा पूर्ण भरला जातो. याची गरज नसते. एसी चालू ठेवून आउटडोअर युनिटची बारीक नळीची झडप अॅलन कीने बंद करायची. द्रव पुढे जाणे थांबते, पण कॉम्प्रेसर कॉइलमधली वाफ ओढत राहतो आणि सगळा गॅस बाहेरच्या युनिटमध्ये जमा होतो. गेजचा काटा शून्याजवळ आला, की जाड नळीची झडप बंद करायची आणि लगेच एसी बंद करायचा. मेकॅनिकची भाषा याला ‘पम्प डाउन’ म्हणते. दोन-तीन मिनिटे लागतात, आणि नळ्या सोडायच्या आधी आपण ते करायला सांगू शकतो.