हॉस्पिटल ट्रस्टचं, कंपनीचं की महापालिकेचं? ठाणे-डोंबिवलीत रुग्णाला त्याने काय फरक पडतो?

रात्री दोन वाजता डोंबिवलीत एखाद्याच्या छातीत कळ आली, तर घरच्यांपुढे पर्याय किती असतात?

दिवसा पाहिलं तर गल्लोगल्ली नर्सिंग होमच्या पाट्या दिसतात. पण कॅथलॅब, हजर असलेले हृदयरोगतज्ज्ञ आणि आयसीयूत मोकळी खाट हे तिन्ही एकाच ठिकाणी, एकाच वेळी हवं असेल, तर यादी झपाट्याने लहान होते. म्हणजे ताप-खोकल्यासाठी इथे भरपूर स्पर्धा आहे, पण जिवावर बेतलेल्या आजारासाठी बाजार मोजक्या हॉस्पिटलांच्या हातात असतो. अशा वेळी हॉस्पिटलचा मालक कोण, यावर वागणूक ठरते का?

तीन प्रकारचे मालक

पहिला मालक म्हणजे सरकार किंवा महापालिका. कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय ठाणे महापालिकेचं आहे. कल्याणचं रुक्मिणीबाई आणि डोंबिवलीचं शास्त्रीनगर ही रुग्णालयं कल्याण-डोंबिवली महापालिकेची आहेत.

दुसरा मालक म्हणजे कंपनी. ठाण्यातलं ज्युपिटर चालवणारी कंपनी सप्टेंबर २०२३ मध्ये शेअर बाजारात आली. कल्याणमध्येही हॉस्पिटल असलेल्या फोर्टिसचा सर्वात मोठा भागधारक २०१८ पासून मलेशियाचा आयएचएच समूह आहे.

तिसरा मालक म्हणजे धर्मादाय ट्रस्ट. त्याला नफा वाटून घेता येत नाही आणि करात सवलती मिळतात.

गर्दी वाढली की तिघांचं वागणं वेगवेगळं दिसतं. कंपनीच्या हॉस्पिटलात ताण दरात आणि डिपॉझिटमध्ये उतरतो. सरकारी रुग्णालयाला दर वाढवता येत नाही, म्हणून तिथे ताण रांगेत उतरतो, जमिनीवरच्या गादीत उतरतो किंवा 'पुढे घेऊन जा' या शब्दांत.

कळव्यात काय दिसलं?

ऑगस्ट २०२३ मध्ये कळव्याच्या या ५०० खाटांच्या रुग्णालयात २४ तासांत १८ रुग्णांचा मृत्यू झाला. राज्य सरकारने चौकशी समिती नेमली. काही रुग्ण अत्यवस्थ अवस्थेत आले होते, असं प्रशासनाचं म्हणणं होतं.

त्याच काळात ठाण्याचं जिल्हा रुग्णालय नव्या इमारतीच्या कामासाठी मनोरुग्णालयाच्या आवारात हलवलेलं होतं. शिवाय कल्याण-डोंबिवली, भिवंडी, शहापूर, मुरबाड इथले रुग्णही कळव्यालाच येतात. शेजारच्या शहरात आयसीयू कमी पडला की त्याचा भार एका ठिकाणी येऊन पडतो.

याची दुसरी बाजू सहसा बोलली जात नाही. पालिकेचं रुग्णालय गंभीर रुग्ण घेऊ शकत नाही, हे घरच्यांना जसं माहीत असतं, तसंच ते शेजारच्या खासगी हॉस्पिटललाही माहीत असतं. मग डिपॉझिटवर घासाघीस करायला घरच्यांकडे काही उरत नाही.

ट्रस्टचं असणं पुरेसं आहे का?

हा प्रश्न अमेरिकेत कोर्टात गेला होता. १९९६ मध्ये मिशिगन राज्यातल्या ग्रँड रॅपिड्स शहरातली दोन मोठी हॉस्पिटलं एकत्र येणार होती. त्यांची मक्तेदारी होईल, असा सरकारी यंत्रणेचा आक्षेप होता. पण ही हॉस्पिटलं ना-नफा आहेत, त्यांच्या मंडळावर स्थानिक लोक आहेत, ते दर वाढवणार नाहीत, हा युक्तिवाद कोर्टाने मान्य केला.

अर्थतज्ज्ञ मार्क डगन यांनी कॅलिफोर्नियातल्या हॉस्पिटलांचा अभ्यास केला, त्यातून निघालेलं चित्र इतकं साधं नव्हतं. जिथे आजूबाजूला नफा कमावणारी हॉस्पिटलं जास्त, तिथे ट्रस्टची हॉस्पिटलंही पैशाच्या हिशेबाने जास्त चालत होती.

महाराष्ट्रात ट्रस्टच्या चांगुलपणावर सगळं सोडलेलं नाही. सार्वजनिक विश्वस्त कायद्याचं कलम ४१ कक आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेली योजना यानुसार धर्मादाय हॉस्पिटलने १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. तातडीच्या वेळी अशा रुग्णाकडून डिपॉझिट मागता येत नाही.

तरीही २०२५ मध्ये पुण्याच्या दीनानाथ मंगेशकर रुग्णालयावर गर्भवतीच्या कुटुंबाकडे १० लाख रुपये डिपॉझिट मागितल्याचा आरोप झाला. त्या महिलेचा नंतर दुसऱ्या रुग्णालयात मृत्यू झाला. तातडीच्या रुग्णांकडून डिपॉझिट घेणार नाही, असं रुग्णालयाने त्यानंतर जाहीर केलं.

मग लगाम कशाने बसतो?

एक मार्ग नियमांचा आहे. कोविडमध्ये २१ मे २०२० च्या आदेशाने सरकारने खासगी हॉस्पिटलांच्या ८० टक्के खाटांचे दर ठरवले होते. साध्या वॉर्डसाठी दिवसाला ४,००० रुपये, आयसीयूसाठी ७,५०० आणि व्हेंटिलेटरसह आयसीयूसाठी ९,००० रुपये. पण ती तात्पुरती व्यवस्था होती. २०२१ च्या नर्सिंग होम नियमांनी दरपत्रक आणि रुग्ण हक्कांची सनद लावणं बंधनकारक केलं. मात्र त्यामुळे दर किती असावेत, हे ठरत नाही.

दुसरा मार्ग म्हणजे तोडीस तोड पर्याय उभा करणं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचं संरक्षण ५ लाख रुपयांपर्यंत वाढवून ते सर्व कुटुंबांना देण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला. पण कार्ड हातात असून उपयोग तेव्हाच, जेव्हा जवळचं सक्षम हॉस्पिटल योजनेत असतं. ज्याच्या खाटा योजनेशिवायही भरतात, त्याला योजनेत येण्याची घाई नसते.

ज्युपिटरनेही शेअर विक्रीच्या वेळी डोंबिवलीत ५०० खाटांचं हॉस्पिटल उभारत असल्याचं सांगितलं होतं. अशा खाटांनी पर्याय वाढतील. पण ज्याच्याकडे डिपॉझिटच नाही, त्याच्यासाठी यादी तेवढीच राहते. शास्त्रीनगर किंवा रुक्मिणीबाईत चोवीस तास चालणारा सक्षम आयसीयू असेल, तर त्याचा फायदा तिथे दाखल होणाऱ्यांपुरता राहत नाही. शेजारच्या हॉस्पिटलच्या काउंटरवर उभ्या असलेल्या माणसालाही 'नाहीतर आम्ही तिकडे नेतो' असं म्हणता येतं.