एसटीपलीकडचे गणपतराव

गणपतराव देशमुख म्हटले की एसटीने प्रवास करणारा आमदार एवढेच चित्र डोळ्यांपुढे येते. चित्र खरे आहे, पण अपुरे. शिवाय इतर पुढाऱ्यांच्या सोयीचे. साधेपणाचे गोडवे गायला पैसे पडत नाहीत. जयंती-पुण्यतिथीला आलिशान गाड्यांतून उतरून ते गाणारे सर्वच पक्षांत आहेत.

मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचा हा मुलगा पुण्यात कायदा शिकला, शेतकरी कामगार पक्षाच्या विचारांकडे ओढला गेला आणि सांगोल्यात येऊन रुजला. 1962 ते 2014 या काळात एकाच मतदारसंघातून, एकाच पक्षातर्फे तो अकरा वेळा निवडून आला. 1978 मध्ये शरद पवारांच्या आणि 1999 मध्ये विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळातही बसला. पक्ष राज्यभर आटत गेला, तरी तो सोडून सत्तेच्या वळचणीला जाण्याचा मोह गणपतरावांना झाला नाही. 1972 मध्ये आणि 1995 मध्ये पराभव वाट्याला आला. दुसरा तर अवघ्या 192 मतांनी. पुढच्या निवडणुकीत त्याच मतदारांनी त्यांना पुन्हा विधानसभेत पाठवले.

ते का, याचे उत्तर एसटीच्या तिकिटात नाही. ते सांगोल्याभोवतीच्या माणदेशाच्या कोरड्या शिवारात आहे. पावसाने कायम पाठ फिरवलेला हा मुलूख. रोजगार हमीची कामे हाच इथल्या अनेक घरांचा उन्हाळा. नागनाथअण्णा नायकवडी यांच्यासोबत गणपतरावांनी तेरा दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद चालवली, आटपाडीत वर्षानुवर्षे माणसे जमवली आणि कृष्णेचे पाणी उचलून आणणाऱ्या टेंभू-म्हैसाळसारख्या योजनांसाठी सरकारमागे तगादा लावला. एका निवडणुकीत सुरू करून दुसऱ्या निवडणुकीत फीत कापावी, असले हे काम नव्हते. त्यात उमेदीची वर्षे जातात आणि श्रेय घ्यायला भलतेच पुढे येतात.

सूतगिरणीची गोष्ट तर अधिक बोलकी. कापूस फारसा न पिकणाऱ्या तालुक्यात त्यांनी सहकारी सूतगिरणी उभारली. राज्यातल्या कितीतरी गिरण्या संचालकांच्या कर्तबगारीने अवसायनात निघाल्या. सांगोल्याची चालू राहिली. साधेपणाचा खरा कस इथे लागतो. स्वतःच्या खिशाबाबत काटकसरी असणे सोपे, सभासदांच्या पैशाबाबत तसे राहणे अवघड. त्याच तालुक्यात डाळिंबाच्या बागा बहरल्या. डिसेंबर 2020 मध्ये देशातली शंभरावी किसान रेल्वे सांगोल्याहून पश्चिम बंगालकडे निघाली. पुढे मर रोगाने आणि खोडकिडीने त्याच बागा झोपवल्या.

घराणेशाहीचा प्रश्न मात्र टाळून चालणार नाही. वयोमानामुळे 2019 मध्ये गणपतरावांनी लढणे थांबवले, तेव्हा उमेदवारी नातवालाच, डॉ. अनिकेत यांना मिळाली. पन्नास वर्षांत पक्षाला घराबाहेरचा वारस घडवता आला नाही, ही त्यांच्या कारकिर्दीची उणी बाजूच. डॉ. अनिकेत 768 मतांनी हरले. जिंकले ते शहाजीबापू पाटील, गुवाहाटीतल्या ‘काय झाडी, काय डोंगार’ या संवादामुळे पुढे देशभर गाजलेले. 30 जुलै 2021 रोजी गणपतराव गेले. 2024 मध्ये दुसरे नातू डॉ. बाबासाहेब यांनी ती जागा परत मिळवली. त्या निवडणुकीत शेतकरी कामगार पक्षाचे निवडून आलेले ते एकमेव आमदार. मतदारांनी आडनाव पाहून मत दिले असेल, तर ते एकदाच चालते. टेंभू-म्हैसाळचे पाणी सांगोल्याच्या शेवटच्या शिवारापर्यंत किती आणि कधी पोहोचते, त्याचे वीजबिल कोण भरते आणि मोडलेल्या बागा पुन्हा कशा उभ्या राहतात, याचा जाब आता बाबासाहेबांना द्यायचा आहे.