केटीची केटी

गेल्या शनिवारी सकाळी मावसभावाचा फोटो आला. हा पठ्ठ्या यंदाच इंजिनीअरिंगला लागलाय, मुलुंडला एका होस्टेलात राहतो. फोटोत एक निळी बादली, बादलीत टॉवेल आणि टॉवेलात मुठीएवढं मांजराचं पिल्लू. खाली एकच ओळ, "दादा, नाव सुचव ना!"

एरवी नावं ठेवण्यात मी पटाईत आहे (दोन्ही अर्थांनी). पण या वेळी हात थबकला. लिहिलं, "रेक्टरना माहितीये?" त्यावर सहा हसऱ्या स्मायल्या. म्हणजे नाही. मग लिहिलं, "चार वर्षांनी काय करणार याचं?" निळ्या टिका उमटल्या, उत्तर काही आलं नाही. दादा म्हातारा झाला असं म्हणत असणार. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तर आमच्याकडेही एक मांजर होतं. २०१८ सालचा जुलै, अंधेरी वेस्टला आम्ही चार पोरं एका वन बीएचकेत राहायचो. कॉलेजचं होस्टेल म्हणजे नावापुरत्या खोल्या, त्या लिस्टात आमचा नंबर कधी लागला नाही. सेकंड इयरचा रिझल्ट लागला त्या दिवशी मुसळधार पाऊस होता, आणि आमच्यातल्या अकोलेकराला मॅथ्सची केटी लागली होती. (मुंबई युनिव्हर्सिटीच्या बाहेरच्यांसाठी: केटी लागणे म्हणजे विषय राहणे.) सांत्वन म्हणून त्याला वडापाव खायला खाली नेला, तर बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये एका बाईकच्या सीटखालून म्याँव म्याँव. गडी पिल्लू शर्टात घालून वर घेऊन आला. म्हणाला, "आज दोन केट्या लागल्या." नाव तिथेच ठरलं.

सहा महिने आम्ही तिला बोका समजत होतो. चार भावी इंजिनीअर, चौघांचे मिळून चाळीसेक विषय पास झालेले, पण नर की मादी हे कुणाला कळलं नाही. शेवटी समोरच्या काकूंनी सांगितलं. या काकू म्हणजे आमच्या कायमच्या तक्रारदार. पायपुसण्यावर केस, जिन्यात वास, रात्री ओरडणं... सगळं खरं होतं. एके दिवशी केटीकडे बघून म्हणाल्या, "अरे ही मांजरी आहे. ऑपरेशन करून घ्या, नाहीतर बघाच मग." आम्ही जवळच्या डॉक्टरांना विचारलं. साडेतीन हजार. प्रत्येकी ८७५. परीक्षा झाली की करू, असं ठरलं. त्याच महिन्यात आम्ही ओल्ड माँकच्या एका पार्टीत त्याहून जास्त उडवले असतील, पण ते ८७५ काही निघाले नाहीत. मांजरी चार-पाच महिन्यांची झाली की गाभण राहू शकते, आणि मग जेमतेम नऊ आठवडे. फेब्रुवारीत, ऐन सबमिशनच्या आठवड्यात, ड्रॉइंग शीट ठेवायच्या कपाटात तीन पिल्लं. एक दोन दिवसांत गेलं. उरलेली दोन आम्ही ज्युनिअर्सच्या गळ्यात मारली. तेव्हा फार हुशारी वाटली होती. ऑपरेशन मग जूनमध्ये झालं.

आता मुद्द्याकडे. होस्टेलात प्राणी नकोत या नियमाची जी कारणं दिली जातात ती मला कधी पटली नाहीत. घाण होते म्हणे. ज्याने मुलांच्या होस्टेलचं कॉमन बाथरूम पाहिलंय त्याने हे कारण देऊ नये. मांजर निदान आपलं आपण झाकून ठेवतं. आवाजाचंही तेच. एखाद्या रूममेटला ॲलर्जी असेल किंवा भीती वाटत असेल तर ते मात्र खरं कारण. त्याने रूम मागितली होती, प्राणिसंग्रहालय नाही. तिथे वाद नको.

पण नियम बरोबर आहे असं आज मला वाटतं, ते वेगळ्याच कारणाने. इंजिनीअरिंग आठ सेमिस्टरचं असतं. घरातलं मांजर नीट राहिलं तर बारा-पंधरा वर्षं जगतं. अंधेरी-बोरिवलीत भाड्याने राहणाऱ्या पोरांचं तर त्याहून वाईट, आपलं लिव्ह अँड लायसन्स ११ महिन्यांचं. म्हणजे आपण ११ महिन्यांच्या कागदावर पंधरा वर्षांची जबाबदारी घेतो. हे गणित अकोलेकरालासुद्धा जमलं असतं :)

तुम्ही म्हणाल, आवड असेल तर माणूस सगळं निभावतो. निभावतो ना, पण मागे काहीतरी असावं लागतं. लॉर्ड बायरनचा किस्सा प्रसिद्ध आहे. केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात कुत्री ठेवायला बंदी होती, म्हणून १८०७ मध्ये हा गडी चक्क अस्वल घेऊन आला. नियमात अस्वलाचा उल्लेख नव्हता! हा किस्सा होस्टेलवाले मोठ्या अभिमानाने सांगतात. पण पुढचं कुणी सांगत नाही. कॉलेज सुटल्यावर अस्वल बायरनच्या वडिलोपार्जित न्यूस्टेड ॲबीत राहायला गेलं. त्याच्याकडे वाडा होता, नोकर होते. आपल्याकडे शेअरिंगमध्ये एक कपाट असतं. अमेरिकेत फ्लोरिडाला एकर्ड कॉलेज आहे, तिथे १९७३ पासून होस्टेलात प्राणी ठेवता येतात, पदवीदान सुद्धा होतं त्यांचं. पण तिथेही अट अशी की प्राणी काही महिने आधीपासून तुमचा असायला हवा. सेमिस्टरच्या मध्येच पार्किंगमधून उचलून आणलेला चालत नाही. अट फार शहाणपणाची आहे. प्राण्याला होस्टेलच्या आधी एक घर असतं, म्हणजे नंतरही बहुधा असतं.

आमच्याकडे हे "नंतर" फार लवकर आलं. २०२० च्या मार्चच्या मध्यावर राज्यातली कॉलेजं ३१ मार्चपर्यंत बंद झाली. पवईच्या आयआयटीने मुलांना होस्टेलं रिकामी करायला सांगितली, तशी सगळीकडेच पांगापांग सुरू झाली. आमचे तिघे आधीच गेले होते. मी १९ मार्चला, गुरुवारी, दादरहून महालक्ष्मी पकडून कराडला गेलो. एक सॅक, लॅपटॉप, दोन जीन्स. पंधरा दिवसांचा प्रश्न होता. केटीसाठी किचनची खिडकी उघडी ठेवली (पहिला मजला, ती सज्जावरून ये-जा करायची), वाडगाभर खाणं ठेवलं, उरलेलं पाकीट आणि दोनशे रुपये वॉचमनला दिले. काकूंना सांगायची लाज वाटली, म्हणून नाही सांगितलं. २२ तारखेच्या मध्यरात्री लोकल बंद झाल्या, २५ पासून सगळा देश.

पहिले काही दिवस मी वॉचमनला फोन करायचो. "खा रही है भैया, टेन्शन मत लो." मग माझा फोन कमी झाला. आमच्या चौघांचा ग्रुप होता, त्यावर रोज शंभर मेसेज पडायचे: परीक्षा होणार का, जॉइनिंग पुढे ढकललं का, कंपनी ऑफर मागे घेते का. केटीचं काय, असं एप्रिलमध्ये एकदा कुणीतरी विचारलं. प्रत्येकाला वाटत होतं, दुसऱ्याने फोन केला असेल. आज ऑफिसात असं तिकीट दिसलं की मी लगेच ओरडतो, "ओनर कोण?" चार जणांच्या नावावर असलेलं काम कुणाच्याच नावावर नसतं.

मे महिन्यात वॉचमन श्रमिक ट्रेनने जौनपूरला निघून गेला. हे मला कळलं सप्टेंबरमध्ये. ई-पास रद्द झाल्यावर सामान हलवायला अंधेरीला गेलो, कारण ॲग्रीमेंट संपलं होतं आणि मालकाला खोली रिकामी हवी होती. किचनची खिडकी कुणीतरी बंद केली होती. काकूंनी दार उघडलं, मास्कमधूनच बोलल्या. वॉचमन जाताना पाकीट त्यांच्याकडे देऊन गेला होता. ते संपल्यावर त्या दूध-पोळी घालत होत्या, कधी बाजारात मिळाले तर बोंबील. जूनमध्ये काका पॉझिटिव्ह आले. त्यांना नेलं, काकूंना आणि मुलीला घरातच क्वारंटाइन केलं, मजला सील. चौदा दिवस दार उघडायचं नाही. "पहिले दोन दिवस दाराशी येऊन ओरडत होती रे. मग आवाज बंद झाला. मी तरी काय करणार होते?" काका सुखरूप परत आले. केटी नाही आली. काकूंनी तिचा स्टीलचा वाडगा घासून ठेवला होता, तो मला दिला. रागावल्या नाहीत, रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

नोकरीला लागल्यावर पहिल्याच महिन्यात कळलं की आयटीत केटी म्हणजे नॉलेज ट्रान्सफर. माणूस कंपनी सोडतो तेव्हा नोटीस पिरियडमध्ये बसून पुढच्याला सगळं समजावून सांगतो, डॉक्युमेंट लिहितो, पुढच्याने "मिळालं" म्हटल्याशिवाय त्याला सोडत नाहीत. एका फालतू रिपोर्टसाठी आपण तीन-तीन मीटिंगा लावतो. युनिक्समध्ये तर पॅरेंट मेला तर अनाथ प्रोसेसला इनिट दत्तक घेतं, तशी सोयच आहे. केटीची केटी मात्र कुणी दिली नव्हती.

कायद्याने बघायचं तर प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६०. उपासमार होईल अशा अवस्थेत प्राण्याला सोडून देणं हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. युनिव्हर्सिटीच्या केटीचा फॉर्म त्याहून कितीतरी महाग असतो.

हे फक्त खोलीतल्या मांजरांचं नाही. पवईला आयआयटीत गेलात तर होस्टेलच्या पायऱ्यांवर कुत्री पसरलेली दिसतील. प्रत्येकाला नाव असतं, काहींना तर प्रत्येक बॅचने दिलेलं वेगळं. (गुरांचीही कमी नव्हती. जुलै २०१९ मध्ये तिथल्या वर्गात गाय शिरल्याचा व्हिडिओ सगळ्यांनी हसत हसत पाहिला, पण त्याच महिन्यात आवारात बैलांमुळे एक विद्यार्थी जखमी झाला होता.) शेजारी संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. तिथले बिबटे वर्षाला साधारण दीड हजार भटकी कुत्री खात असावेत, असा अंदाज २०१८ च्या एका शोधनिबंधात मांडला होता. म्हणजे आपण "कॅम्पसवर मस्त मोकळं राहील" म्हणून सोडतो ते कुठे सोडतो, हेही बघावं.

७ नोव्हेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला: शिक्षणसंस्था, हॉस्पिटलं, क्रीडासंकुलं, बस डेपो, रेल्वे स्टेशनं इथली भटकी कुत्री उचला, नसबंदी आणि लसीकरण करून निवाऱ्यात ठेवा, परत त्याच जागी सोडू नका. २०२३ च्या नियमांत नसबंदीनंतर कुत्रं मूळ जागी सोडायचं असतं, त्याच्या बरोबर उलट. माझ्या ओळखीतली बरीच मुलं खवळली. मलाही तो आदेश पचत नाही. पालिकेच्या २०१४ च्या गणनेत मुंबईत सुमारे ९५ हजार भटकी कुत्री होती, इथे माणसांना निवारा मिळत नाही तिथे यांना कुठे ठेवणार? पण स्टोरी टाकणाऱ्या एकाला मी विचारलं, तुमच्या विंगमधल्या कुत्र्याच्या रेबीजच्या लसीचं कार्ड कुणाकडे आहे? कुणाकडेच नव्हतं. लाड करणारे दोनशे. चावलं तर पाच इंजेक्शनं, शून्याव्या, तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी, आणि ती घ्यायला जाणारा एकटा, बहुतेक वेळा मेसमधला पोऱ्या.

कारण कॅम्पसवर कायम राहतं कोण? आपण नाही. मेसवाले मामा, सिक्युरिटी, स्टाफ क्वार्टर्समधल्या काकू. आपण पाळलेला प्राणी खरं तर त्यांनी पाळलेला असतो, फक्त त्यांना कुणी विचारलेलं नसतं. होस्टेलांनी प्राणी ठेवायचेच असतील तर खुशाल ठेवावेत, पण संस्थेच्या नावावर. रजिस्टर, नसबंदी, लस, मेस बिलात महिन्याला दहा-वीस रुपये, आणि जबाबदारीच्या रकान्यात पगारावर असलेल्या माणसाचं नाव, तेही त्याला विचारून. यातलं काहीच अवघड नाही, पण फोटो काढण्याइतकं सोपंही नाही.

असो. रविवारी रात्री भावाला फोन केला आणि हे सगळं सांगितलं, काकूंच्या वाडग्यासकट. बराच वेळ गप्प होता. म्हणाला, "मग आता परत पार्किंगमध्ये सोडू का?" म्हटलं, अजिबात नाही. डॉक्टरकडे ने, कार्ड बनव, आणि कार्डावर अशा माणसाचं नाव घाल ज्याचा पत्ता पुढची पंधरा वर्षं बदलणार नाही.

काल कार्डाचा फोटो आला. मांजराचं नाव अजून कोरंच आहे. मालकाच्या रकान्यात मावशीचं नाव, पत्ता साताऱ्याचा, दिवाळीत घेऊन जाणार म्हणतोय.

मावशीला अजून माहीत नाही.