गणिताचे धडे कमी झाले, मुलांचे ओझे?

पीयूसीच्या गणितातील काही भाग वगळल्याचे कळले तेव्हा पुष्कळ पालकांनी समाधानाचा सुस्कारा सोडला. आम्हा शिक्षकांना त्या समाधानात सहभागी होता येत नाही.

कोविडच्या काळात मुलांचे नुकसान झाले, म्हणून एनसीईआरटीने २०२२ साली अभ्यासक्रमाला कात्री लावली. अकरावीतील गणिती विगमन व गणिती तर्क ही प्रकरणे पूर्ण गेली. बारावीतून स्पर्शिका व अभिलंब, दोन वक्रांमधील क्षेत्रफळ हे भाग गेले. कर्नाटकात २०१२-१३ पासून पीयूसीचे गणित एनसीईआरटीच्याच धर्तीवर असल्याने ही कात्री आपल्याकडेही पोहोचली.

छाटणी सरसकट वाईट, असे आमचे म्हणणे नाही. पण विगमन म्हणजे काय? एखादा नियम पहिल्या संख्येला लागू आहे, आणि एकीला लागू असेल तर पुढचीलाही लागू होतो, एवढे दाखवले की तो सर्व संख्यांना सिद्ध होतो. सिद्धता म्हणजे काय, हे मुलाला यातूनच उमगते. ते काढून उरते ती सूत्रांची घोकंपट्टी.

शिवाय काय गेले आणि काय राहिले, हे मुलांपर्यंत नीट पोहोचते का? एप्रिल २०२४ च्या सीईटीत अभ्यासक्रमाबाहेरचे प्रश्न आले, ओरड झाली आणि अखेर चार विषयांतील मिळून ५० प्रश्न गुणांकनातून वगळावे लागले. त्या प्रश्नांशी झटण्यात गेलेला वेळ कोण भरून देणार? शहरातल्या मुलाला कोचिंगवाले बदल समजावतात. खेड्यातला मुलगा थोरल्या भावाच्या जुन्या पुस्तकावर विसंबतो.

त्यात आमची मुले मराठी माध्यमातली. दहावीपर्यंत वर्गसमीकरण, सहगुणक, विवेचक हे शब्द तोंडात बसलेले असतात. विज्ञान शाखेला गेले की तेच क्वाड्रॅटिक इक्वेशन, कोइफिशंट, डिस्क्रिमिनंट होऊन समोर येतात. येणारे गणितही मग परके वाटते आणि हुशार मुलगा मागच्या बाकावर जातो. राज्यघटनेच्या ३५०-अ कलमातील मातृभाषेची तरतूद प्राथमिक टप्प्यापुरतीच आहे, हे आम्ही जाणतो. म्हणून तर पुढची सोय आपणच मागितली पाहिजे आणि जमेल तेवढी उभारलीही पाहिजे.

आमच्या समितीच्या मागण्या साध्या आहेत. अभ्यासक्रम बदलला की वगळलेल्या भागांची यादी वर्ष सुरू होण्यापूर्वी मराठीतूनही मिळावी. दहावीच्या मराठी पुस्तकात प्रत्येक संज्ञेचा इंग्रजी प्रतिशब्द शेवटी छापावा. या दोन्हींची वाट न पाहता गावोगावच्या हायस्कूलांनी दहावीच्या परीक्षेनंतरच्या सुटीत पंधरा दिवसांचा सेतुवर्ग घ्यावा. त्यात संज्ञांची ओळख व्हावी आणि वगळलेले विगमनही शिकवावे. परीक्षेला नसले म्हणून काय झाले?

पालकांनी आपापल्या शाळेत जाऊन याबाबत विचारणा करावी. कोणी विचारलेच नाही, तर कोणी देणारही नाही.