सोसायटीचा कचरा कोणाच्या हाती?

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या वार्षिक सभांत जे विषय हमखास निघतात, त्यांत वाहनतळ आणि पाणी यांच्या खालोखाल कचऱ्याचा क्रम लागतो. डबे जिन्यात ठेवू नयेत, ठरल्या वेळीच ते दाराबाहेर यावेत, फाटकाजवळच्या पेटीबाहेर कचरा सांडू नये, खिडकीतून काही फेकू नये, अशी नियमावली बहुतेक संस्थांच्या सूचनाफलकावर लावलेली असते. ती पाळली जावी याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. परंतु हे नियम कोणाच्या सोयीसाठी केलेले असतात, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. फलक वाचला की ध्यानात येते की त्यात इमारतीच्या शोभेचा विचार आहे, दुर्गंधीचा आहे, भाडेकरूंच्या वर्तणुकीचा तर फारच आहे. ज्या हातांतून तो कचरा जातो, त्या हातांचा मात्र उल्लेखही नसतो.

पुणे शहरात या हातांना संघटना मिळाली ती १९९३ साली. बाबा आढाव आणि श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या पुण्यातील कार्यकर्त्या यांच्या पुढाकाराने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली, आणि उकिरड्यावर कागद-काच वेचणाऱ्या स्त्रिया, ज्यांतील बहुसंख्य दलित समाजातील होत्या, कामगार म्हणून हक्क मागू लागल्या. पुढे २००८ मध्ये त्यांच्यातूनच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था उभी राहिली व महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करण्याचे काम तिने पत्करले. घरटी ठरलेले मासिक शुल्क आणि सुक्या कचऱ्यातून निघणाऱ्या भंगाराची विक्री, या दोहोंवर वेचकांचे घर चालावे अशी ही योजना. म्हणजे फाटकाच्या आत एक सहकारी संस्था आहे आणि दाराशी बादली घेऊन उभी असते ती दुसऱ्या सहकारी संस्थेची सभासद. या नात्याची जाणीव पहिल्या संस्थेतील किती जणांना असते?

ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवण्याच्या नियमाचा खरा अर्थ या बादलीपाशी कळतो. वर्तमानपत्रावर उरलेली आमटी ओतली की त्या रद्दीचा भाव गेला. दुधाची पिशवी न विसळता टाकली की दोन दिवसांत ती किड्यांनी भरते. फुटलेल्या पेल्याची काच कागदात न गुंडाळता टाकली की ती बोटात शिरते आणि हाताला जखम असली तरी दुसऱ्या दिवशीचा खाडा परवडत नाही. बाळाचे लंगोट आणि वापरलेले पॅड उघडे टाकण्याविषयी तर बोलायलाच नको. ते कागदात बांधून त्यावर लाल ठिपका करावा, एवढीच साधी मागणी घेऊन पुण्यातील वेचक स्त्रियांना मोहीम काढावी लागली. एकदा एकत्र झालेला कचरा पुन्हा वेगळा करायचा तर अखेर माणसाचा हातच त्यात घालावा लागतो. ते काम स्वयंपाकघरात दोन डब्यांत अर्ध्या मिनिटाचे असते. तेच रस्त्यावर तासन्‌तासांचे, घाणीचे आणि आजाराचे होते. तेव्हा वर्गीकरण हा शिष्टाचाराचा विषय मुळी नाहीच. दुसऱ्याच्या अंगावर किती श्रम टाकायचे याचा तो हिशेब आहे, आणि त्यामागे जात उभी आहे, हे वेगळे सांगावयास नको.

केंद्र सरकारने ८ एप्रिल २०१६ रोजी घनकचरा व्यवस्थापनाचे जे नियम जाहीर केले, त्यांनी हा हिशेब बऱ्याच अंशी मान्य केला. ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग कचरा करणाऱ्यानेच करावेत, पॅड व लंगोट नीट गुंडाळून द्यावेत, ५,००० चौरस मीटरहून मोठ्या संकुलांनी सुका कचरा अधिकृत वेचकांना किंवा पुनर्वापर करणाऱ्यांना द्यावा व ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवावा, असे त्यांत म्हटले होते. वेचकांच्या संघटनांना मान्यता देण्याची, कामगारांना हातमोजे, पादत्राणे, मुखपट्ट्या पुरविण्याची तरतूदही होती. पॅड बनविणाऱ्या कंपन्यांनी विल्हेवाटीसाठी वेष्टन देण्याचाही त्यात उल्लेख होता. सोसायट्यांच्या फलकावर यातले पहिले कलम तेवढे उतरले. वेचकांचे कलम फलकापर्यंत पोहोचले नाही.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो अगदीच पोकळ नाही. मालमत्ता कर भरूनही कचरा आम्हीच जिरवायचा, तर महापालिका कशासाठी? मुंबई महापालिकेने २०१७ साली २०,००० चौरस मीटरहून मोठ्या, किंवा रोज १०० किलोहून अधिक ओला कचरा करणाऱ्या संकुलांना २ ऑक्टोबरपासून तो उचलणार नाही असे बजावले, तेव्हा हाच सूर निघाला. जबाबदारी नागरिकांवर ढकलून कंत्राटदारांना मोकळे रान द्यावयाचे, हा नगरप्रशासनांचा स्वभाव झाला आहे, हे खरेच. त्याच वर्षी मुंबईच्या २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करण्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरला. तोवर त्यांना वर्षानुवर्षे लढावे लागले होते. जेथे कंत्राटदाराला वजनावर पैसे मिळतात, तेथे ओला-सुका एकत्र केलेला जड कचराच त्याला प्रिय असतो, हेही उघड आहे. महापालिकेला जाब विचारलाच पाहिजे. पण तो विचारताना आपल्या डब्यात आमटी आणि कागद एकत्र ठेवण्याचा अधिकार त्यातून निघत नाही. न वेगळा केलेला कचरा शेवटी जातो कोठे? मुंबईचा १९२७ पासून देवनारला गेला. जानेवारी २०१६ मध्ये तेथील आगीचा धूर शहरभर पसरला, तोवर तो आसपासच्या वस्त्यांनी निमूट गिळला होता. पुण्याचा उरुळी देवाची आणि फुरसुंगीला गेला. तेथील विहिरी नासल्या, आणि गावकऱ्यांनी गाड्या अडविल्या की शहरातील लोक त्यांनाच आडमुठे म्हणू लागले.

चळवळीतील कार्यकर्तेही आता याच सोसायट्यांतून राहतात. कित्येक जण त्यांच्या कार्यकारी समितीवर आहेत. कामगारांच्या मेळाव्यात श्रमप्रतिष्ठेवर बोलून रात्री परतल्यावर दारात बांधलेली एकच पिशवी ठेवणारे त्यांत नसतील, असे म्हणणे धाडसाचे होईल. पण वैयक्तिक सवयीपेक्षा अधिक काही त्यांच्या हाती आहे. ज्या संस्थेत वेचक स्त्रीला लिफ्ट वापरू देत नाहीत, सातव्या मजल्यावरून भरलेली बादली जिन्याने उतरविण्यास लावतात, ज्या आवारात तिला कचरा निवडण्यास दहा फूट जागा मिळत नाही आणि मग ती पदपथावर निवडीत बसली की तिच्याविरुद्ध तक्रार जाते, त्या संस्थेच्या सभेत तो विषय मांडणारा कोणीतरी असला पाहिजे. आवारात पत्र्याची एक शेड, पाण्याचा नळ, साबण, स्वच्छतागृहाची मुभा, शुल्क महिन्याच्या पहिल्या आठवड्यात देण्याचा दंडक आणि न निवडलेला कचरा नाकारण्याचा वेचकाला स्पष्ट अधिकार: ही कलमे नियमावलीत घालण्यास कोणत्याही सरकारी परवानगीची गरज नाही. नियम मोडणाऱ्या सभासदाला दंड करायचाच असेल, तर तो ज्याच्यामुळे कोणाला जादा काम पडले त्याला प्रथम करावा, सायकल चुकीच्या जागी लावणाऱ्या मुलाला नंतर.

या संस्थांच्या वार्षिक सभा ३० सप्टेंबरपूर्वी घ्याव्या लागतात. विषयपत्रिकेवर विषय यावयाचा तर तो सचिवाकडे सभेची सूचना निघण्यापूर्वी लेखी द्यावा लागतो. आयत्या वेळी मांडलेला विषय अध्यक्ष सहज बाजूला सारतात. लिफ्टचा ठराव स्वतंत्र मांडावा. शेड आणि नळ यांना फारसा विरोध होत नाही. खरी कुरबुर होईल ती तेथेच.